गोहलपुरच्या गोठ्यापायी प्रणोतीचं घर जाऊ नये म्हणून

हे कागदावर उतरवायला फार उशीर केला, त्याबद्दल मुलांनी आणि राजश्रीबाईंनी क्षमा करावी. शाळा सातवीपर्यंतचीच.

मी पुंडलिक गणपत ढोक, वय शहात्तर, राहणार चेरीताल, जबलपुर, कारखान्यातून निवृत्त. शुद्धीवर राहून, स्वतःच्या मर्जीने माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहितो. कोणाचा दाब नाही. भीती आहे, ती कशाला लपवू?

१. चेरीतालचं घर मुलगी प्रणोती हिला. नवऱ्याने टाकल्यापासून ती इथेच आहे. गोठ्यातल्या धारा काढून तिनेच मला सांभाळलं. मुलगा आलोक याचं विजय नगरला स्वतःचं घर आहे. त्याने हक्क सांगू नये. माझी हत्यारांची पेटी त्याला. खिळा ठोकता येत नाही, पण मुलगा आहे.

२. गौरी गाय माझा साळा भाऊराव याने अमरावतीहून दिली. सोयऱ्याने हळदकुंकू लावून दिलेल्या गाईचं रक्त तपासणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. प्रणोती म्हणाली होती, "बाबा, डॉक्टरला दाखवून घ्या ना." मी म्हटलं, "काहून? मामाने दिली आहे, बाजारातून नाही आणली." गाय तिकडे रोगाने गाभडली होती, वासरू पोटातच गेलं होतं, हे भाऊरावने लपवलं. त्याला माझ्या तेरवीचं बोलावणंही जाऊ नये.

३. आलोकच्या शेजारच्या राजश्रीबाई गौरीचं नवं वासरू पाहायला आल्या. नको-नको म्हणत होत्या, तरी मीच आग्रहाने धारेचं कोमट, न तापवलेलं दूध पाजलं. त्यांना ताप येऊन-जाऊन राहिला, सांधे धरले. रक्तात गाईचाच रोग निघाला. मग त्यांच्या वकिलाची नोटीस आली. आमचे वकील योगेंद्रजी म्हणाले, "देखिए काका, तुमच्या मागे वारसाला स्वतःच्या खिशातून द्यावं लागणार नाही. पण तुम्ही ठेवलेल्या मिळकतीतून वसुली होऊ शकते." म्हणजे प्रणोतीचं घरच की! म्हणून गोहलपुरची गोठ्याची जागा राजश्रीबाईंना, औषधपाण्यासाठी.

४. गौरीबद्दल आलोक म्हणतो, "चुपचाप बेच दो बाबा, कौन पूछेगा?" अरे, घेणाऱ्याच्या घरी लेकरं नाहीत? पुढची नोटीस तुझ्या बहिणीच्या नावाने येईल. गौरी विकू नये. माझ्या मागे गोदान म्हणून कोणा भटजींच्या दारात तर मुळीच बांधू नये. वेगळी ठेवावी, सरकारी डॉक्टर सांगतील तसं करावं. प्रणोतीने हातमोज्यांशिवाय तिला शिवू नये, आणि स्वतःचं रक्त तपासून घ्यावं. बँकेतली शिल्लक त्यासाठीच आहे.

वाचून, समजून सही केली.

पुंडलिक गणपत ढोक
साक्षीदार: चंद्रशेखर वानखडे, बापूसाहेब देशकर
चेरीताल, जबलपुर. ११ फेब्रुवारी २०२५

राजश्रीबाई, ही नक्कल तुम्हाला पाठवत आहे. मी मरेपर्यंत थांबू नका. जागा आजच लिहून देतो. तुम्ही फक्त घरावर दावा करणार नाही, एवढं दोन ओळींत लिहा. दारापुढे मोटार थांबली तरी प्रणोती दचकून उभी राहते. हो की नाही, मेहरबानी करून लवकर कळवा.