‘पुढे’चे बटण मी कसे उघडले

रत्नागिरी,
१२ मे २००४

मराठीत शिकून इंग्रजी पडद्यापुढे मुकाट मान डोलावणाऱ्या माझ्या तमाम बांधवांनो! (म्हणजे, चि. सलिल, तूच. पुण्यात प्रोग्रामर झालास तरी बांधवच.) अनेक आशीर्वाद. प्रकृतीला जप, आम्ही पेजेवर ठणठणीत आहोत.

वाचनालयाला देणगीत मिळालेल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटचे लिनक्स चढेल, आणि तेही मराठीतूनच, अशी घोषणा मी भर सभेत केली होती. पण ते चढवणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडले, की ‘पुढे’चे बटण फिके पडायचे आणि दाबता दबायचे नाही. ग्रंथपाल आत्माराम म्हणाला, “सर, इंग्रजी घेऊन टाकूया. उद्घाटनाला कोण आत डोकावतोय?” तू तर फोनवर चक्क हसलास. मग मी पेटलो!

इन्स्टॉलरचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ संहिता, सायबर कॅफेतून छापून आणला. तो पायथॉन नावाच्या संगणकभाषेत होता. (ती मी पुस्तकावरून शिकलो. ओळीआधी सोडलेल्या समासाला इतका मान देणारी भाषा दुसरी पाहिली नाही. आमच्या शाळेतल्या मुलांना आधी हीच शिकवायला हवी होती.) भाषा निवडण्याच्या पडद्याच्या फायलीत ‘इंटफ’ नावाचा कुणी होता. बटण चालू कर, बंद कर, सगळे हुकूम त्यालाच. पण तो जन्मला कुठे, याबद्दल तिथे अवाक्षर नाही! मी घरातले सगळे कोश धुंडाळले. शेवटी तुझी पद्मजाकाकू फणस चिरता चिरता करवादली, “अहो, पडवीत परका माणूस आला तर कोशात बघता काय? त्यालाच विचारा की, तुम्ही कुणापैकी!”

विचारले! ‘इंटफचा क्लास छाप’ एवढी एकच ओळ घातली, आणि गड्याने निमूट कूळ सांगितले. तो मुख्य खिडकीच्या घराण्यातला, दुसऱ्या फायलीत जन्मलेला. इथे नुसता पाहुणा पाठवलेला. थेट त्याच्या घरी गेलो. तिथे लिहिलेले, भाषेचा फाँट, म्हणजे अक्षरांचा साचा, सापडला नाही तर ‘पुढे’ बंद. आणि मराठीचा फाँट शोधत होते भलत्याच फोल्डरात! पत्ता सुधारला, सुधारलेली फाइल फ्लॉपीवरून इन्स्टॉलरला दिली, आणि ‘पुढे’ उजळले! सलिल, मी रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण केले. आत्मारामने टाळ्या वाजवल्या. लिनक्स चढले, नखशिखान्त मराठीत!

तुझा विजयी,
भास्करकाका

ता. क. पासवर्डही मी बाणेदारपणे देवनागरीतच ठेवला.

ता. ता. क. आत शिरायच्या पडद्यावर मात्र फक्त इंग्रजी अक्षरे उमटतात. रविवारी उद्घाटन आहे. हसून झाले असेल तर शनिवारच्या गाडीने ये आणि कुलूप उघडून दे. आत्मारामला सांगू नकोस.