सेकंड गिअरमधला धूर

११ जानेवारी, रविवार

नाही जमलं. दोनदा बाईक बंद पडली. तिसऱ्यांदा उधळली आणि मी समोरच्या पिंपावर आदळता आदळता वाचले. मागचा टायर गार तो गारच.

शिवडीला गॅरेजवाल्या विनीतच्या मामांचं गोदाम आहे, त्याच्या मागचं आवार त्यांनी रविवारपुरतं वापरायला दिलंय. सुशांत प्लास्टिकच्या खुर्चीवर, डावा हात झोळीत. तिथून ओरडत होता — क्लच झटकन सोड, विचार करत बसू नकोस. बोलायला काय जातंय! आजवर माझं काम टायर बदलणं, हवा बघणं, त्याच्यासाठी चाकाखाली पाणी ओतणं. बसायचं ते नवऱ्याने. बाईक माझ्या नावावर आहे, लग्नाआधी मीच घेतलेली. पण लालबागला विनीतच्या गॅरेजमध्ये सगळे तिला ‘सुशांतची गाडी’ म्हणतात. मीसुद्धा म्हणते.

डिसेंबरच्या रेस मीटला तो पडला. ड्रॅग रेस म्हणजे दोन बाईक शेजारी शेजारी, सरळ धावपट्टी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. त्याआधी चाकाखाली पाणी ओतायचं, ओल्यावर ते सहज फिरतं, आणि मागचा टायर जागच्या जागी फिरवून तापवायचा, म्हणजे रबर रस्त्याला चिकटतं. सुशांतने टायर छान तापवला होता. पण शेजारच्याची बाईक सुरूच होईना. वाट बघता बघता टायर निवला. हिरवा लागला, मागचं चाक सटकलं, खांद्याजवळचं हाड मोडलं.

फेब्रुवारीच्या मीटला नाव आधीच दिलेलं होतं. “माझ्या जागी तू बस,” तोच म्हणाला, विनीतसमोर, हसत. मी बरं म्हटल्यावर त्याचं हसू थांबलं.

१३ जानेवारी, मंगळवार

लॅबमध्ये रक्त काढताना डाव्या हाताची बोटं आपोआप क्लच सोडत होती. पेशंट म्हणाला, ताई, तुम्ही नवीन आहात का?

१८ जानेवारी, रविवार

झालं!

आधी ओल्यावरून चाक फिरवून पुढे कोरड्यावर आले. पुढचा ब्रेक घट्ट. दोन्ही पाय जमिनीवर, अंग टाकीवर झुकवलेलं, बूड सीटवरून जेमतेम उचललेलं. सेकंड गिअर. इंजिन ओरडायला लागलं तसा क्लच सोडला — सोडला म्हणजे बोटांतून निसटूच दिला. मागचं चाक जागेवर गरगरायला लागलं. आधी नुसती वाफ, मग धूर. खरा, पांढरा, जाड. बाईक माझ्याखाली डावी-उजवी हलत होती आणि मी तिला धरून होते.

सुशांत खुर्चीवरून उठून उभा राहिला. विनीतने टायरवर पंजा टेकवला आणि पटकन उचलला. “चिकटतोय,” म्हणाला.

घरी आल्यावर त्याच नादात वरणाला फोडणी द्यायची राहिली.

२० जानेवारी, मंगळवार

सुशांतच्या आई माझे केस विंचरून देत होत्या. “तुज्या केसांक कसलो जळको वास येता गो?” मी म्हटलं, गॅरेजमध्ये बसते ना यांच्याबरोबर. सासूबाईंना सुशांतच्या रेसचं सगळं माहीत आहे, माझं काहीच नाही. तो समोर बसून बातम्या बघत होता. आवाज वाढवला त्याने.

२५ जानेवारी, रविवार

आज गोदामातले हमाल बघायला जमले. शिट्ट्या वाजवायला लागले. मला चेव चढला. धर, अजून धर, सुशांत हाताने खुणावत होता. मी धरलं. आवार दिसेनासं झालं धुराने. मग सुटायचा सराव करायला गेले तर मागचं चाक लोण्यावर ठेवल्यासारखं घसरलं. पडले नाही, पण पाय टेकावा लागला.

जास्त तापवलं की रबर वितळून बुळबुळीत होतं. हे मला माहीत होतं! टायर मीच बदलते, त्याच्यावरचे चट्टे मीच बघते.

“दिसत मस्त होतं,” सुशांत म्हणाला.

“दिसून काय करायचंय?” मी म्हटलं. “तू दर वेळी एवढाच जाळायचास. लोकांसाठी.”

विनीत पाना शोधायला आत गेला. टॅक्सीत सुशांत खिडकीकडे तोंड करून बसला.

२८ जानेवारी, बुधवार

चहा, डबा, औषध. एवढंच बोलणं.

१ फेब्रुवारी, रविवार

तो आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

आणि आज सगळ्यात चांगलं झालं. टायरची हवा आणखी थोडी कमी केली. धूर थोडाच येऊ दिला. एक कळलं — टायर पुरेसा तापला की बाईक ब्रेकला न जुमानता पुढे रेटायला लागते. मांड्यांना कळतं ते. तेवढ्यात ब्रेक हलकेच सोडायचा आणि धुरातून बाहेर यायचं. कुणाच्या खुणेची गरज नाही.

घरी आल्यावर “कसं झालं?” विचारलं त्याने. मी म्हटलं, ठीक.

ठीक का म्हटलं? मला ओरडून सांगायचं होतं. जेवताना त्याने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज आला. खुर्ची नको म्हणाला. झोळी निघालीय, हात वर जात नाही अजून. डॉक्टरांनी रेसचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय.

सुटताना माझं अंग मागे जातं. त्याने चांगला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि पुढे दाबला. “इथे राहा. दिवा बघ, मला नको बघू.” पाच-सहा वेळा. नंतर हात तसाच ठेवून उभा राहिला. मी हलले नाही.

“भीती वाटते का?” त्याने विचारलं.

“तू पडलास ते दिसतं डोळ्यांसमोर.”

“मला पण,” म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाईक टेम्पोत चढवली. घाटापलीकडच्या जुन्या धावपट्टीवर उद्या सकाळी पोचायचं. हेल्मेट तिसऱ्यांदा पुसलं. आईंना सांगितलं, सुशांतच्या मित्रांची रेस बघायला चाललोय. त्या म्हणाल्या, टोपी घेवन जा, ऊन लागात.

बसवत नाही, उभं राहवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

माइकवरून नाव पुकारलं — सुशांत. मग दुरुस्ती केली, दर्शना. थोडे हसले लोक.

शेजारच्या लेनमध्ये पुण्याचा कुणी मुलगा, त्याची बाईक माझ्याहून नवी. विनीतने पाणी ओतलं. सुशांत माझ्यासमोर, जरा बाजूला उभा राहिला, खूण करायला.

क्लच सोडला. वाफ. धूर. सुशांतचा उजवा हात गोल फिरत होता — चालू दे, चालू दे. लोक ओरडायला लागले. मग बाईकने पुढे रेटलं. मांड्यांना कळलं. त्याचा हात अजून फिरतच होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि ब्रेक सोडला.

त्याला घाईघाईने मागे सरावं लागलं.

पुण्याचा मुलगा अजून धूर काढत होता. मी लाइनवर. टायर निवतोय, निवतोय — डोक्यात दुसरं काही नव्हतं. उतरून पळून जावं असं वाटलं. तेवढ्यात तो मुलगाही लाइनवर आला. पिवळा, पिवळा, हिरवा.

चाक घसरलं नाही! पाठीत धक्का बसला आणि रस्ता माझ्या पोटाखाली ओढला गेला. शेजारचा कुठे होता मला माहीत नाही. मला दिसलाच नाही.

जिंकले ती एकच रेस. पुढच्या फेरीत नाशिकच्या बाईकने हरवलं, सरळ हरवलं. पण त्या पहिल्या रेसची वेळ बोर्डावर लागली. सुशांतच्या आजवरच्या प्रत्येक वेळेपेक्षा कमी होती.

सुशांतने बोर्ड नीट वाचला. मग जवळ येऊन माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवला, एका हाताने, वेळ लागला. “मी थांब म्हटलं नव्हतं,” म्हणाला.

“माहीत आहे.”

“अजून थोडं चाललं असतं.”

“नसतं चाललं.”

तो परतीच्या वाटेवर टेम्पोत डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विनीतने व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तो शेजारच्या पोराने आईंना दाखवला. मी लॅबमधून आले तर दारातच, “बाईक तू चलवलंस?”

हो म्हटलं.

“आणि सुशांत खंय होतो?”

सुशांत आतून म्हणाला, “समोर उभा होतो.” आवाज असा की आईंनी पुढे काही विचारलं नाही. मला वाढताना मात्र एक कोलंबी जास्त घातली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तो व्हिडिओ बघतो. मी खोलीत आले की बंद करतो. विचारावंसं वाटतं, आणि विचारवत नाही. गॅरेजमध्ये आज एक जण म्हणाला, दर्शनाची गाडी. सुशांत तिथेच होता.

१५ मार्च, रविवार

डॉक्टरांनी सुशांतला बाईक चालवायची परवानगी दिली. मी सीट सोडायची की नाही, रात्रभर तेच डोक्यात. सकाळी विनीतने फोन करून सांगितलं — सुशांतने विनीतचीच जुनी बाईक मागून घेतलीय, एप्रिलच्या मीटला माझ्याच गटात नाव दिलंय. माझ्या शेजारच्या लेनमध्ये.