स्तोक कांगरी मोहीम: माझे नेतृत्व

३ मे २००६
आज कंपनीच्या स्पोर्ट्स क्लबचा बोर्ड लागला. लडाखमधलं स्तोक कांगरी शिखर, सहा हजार मीटरच्या वर. सोबत गाईड, कुक, तंबू. जुलैअखेर. रांजणगावच्या आख्ख्या प्लँटमध्ये पहिलं नाव माझं. ई. बी. साळवे, क्वालिटी सुपरवायझर.
वय बेचाळीस. पण केंदूरच्या मातीत वाढलेला माणूस. आमच्या रक्तातच चढ आहे.
डिस्पॅचच्या मच्छिंद्रनं दुसरं नाव दिलं. त्याला पँट कमरेवर टिकवायला दोन्ही हात लागतात. त्याला समजावून सांगितलं, बाबा, हे तुझं काम न्हाई. म्हणाला, फोटो काढायला येतो साहेब. कुणीतरी लागतंच.

५ मे
गौतमीला सांगितलं. सातवीत आहे, पण समज मोठी. म्हणाली, पप्पा, शिखरावरून माझ्या नावानं ओरडाल? म्हणलं, तीनदा.
बायको, सारिका, भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटली. अभिमानानं माणसाचे शब्द गोठतात.

१४ मे, रविवार
ट्रेनिंग सुरू. शिरूरच्या घरून रांजणगावच्या प्लँटपर्यंत चालत जायचं. वाटेतल्या सरदवाडीपर्यंत उत्तम वेग. तिथं मागून कंपनीची बस आली आणि ड्रायव्हरनं ओळखून ब्रेक मारला. आत बसलेली सेकंड शिफ्ट हात करत होती. कामगारांचं मन मोडायचं नसतं. चढलो.
बाकीचं अंतर बसमधून नीट पाहून ठेवलं.

२८ मे
गुडघा. विश्रांती हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे. आहारावर लक्ष केंद्रित केलं आहे.

११ जून
पेंट शॉपचे दोघं गळाले. आठ माणसं भरली नाहीत तर मोहीम रद्द. घरच्यांना नेता येईल असं क्लबवाले म्हणाले. सारिकाला विचारलं. ती अंगणवाडी सेविका, शिरूरच्या दोन वस्त्या रोज पायी करते, पण ते चालणं वेगळं आणि गिर्यारोहण वेगळं. हे तिला स्पष्ट सांगितलं. म्हणाली, मी खालीच थांबंन, तुमच्या गोळ्या-औषधाला कुनीतरी पायजे.
परवानगी दिली.

२० जुलै, दौंड स्टेशन
झेलम एक्स्प्रेस. निरोपाला सासरे मारुतराव आलेले. दौंडलाच राहतात, रेल्वेतून रिटायर. मला बाजूला घेऊन म्हणाले, जावईबापू, सारिकाला जपा. मग सारिकाला बाजूला घेतलं आणि बराच वेळ बोलले. काय म्हणाले विचारलं तर ही हसायला लागली. बाप-लेकीचं असतं काहीतरी.
आई आणि गौतमी शिरूरलाच. गौतमीनं फोनवर आठवण करून दिली: तीनदा.

२६ जुलै, लेह
दिल्ली, मनाली, मग बस. रस्त्याबद्दल लिहीत नाही. पोटातलं सगळं हिमाचल प्रदेशात राहिलं.
लेहमध्ये जिकडं बघावं तिकडं गोम्पा म्हणजे मठ, पताका, बुद्ध. सारिकाला माहेरी आल्यासारखं झालं. एका गोम्पात बसून तिनं आपल्या विहारात म्हणतात तशी वंदना म्हटली. म्हातारे लामा डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी तिच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला. मीही मान पुढं केली. त्यांनी आशीर्वाद दिला.
डोकं दुखतंय. नियोजनाचा ताण.

२८ जुलै
चढाई सुरू! गाईडचं नाव दोरजे. तिशीतला, कायम हसरा. दर वळणावर म्हणतो, सर, धीरे धीरे. मी त्याहून धीरे जात होतो, तरी म्हणतो. त्याला शेवटी सांगितलं, अरे भाई, ये मेरा नैसर्गिक स्पीड है.
सारिका पुढं दिसते. पंजाबी ड्रेस, डोक्याला स्कार्फ, पाठीवर माझी सॅक. मीच दिली. तिला सवय व्हावी म्हणून.

३० जुलै, बेस कॅम्प
आज एक खेचर रिकामंच वर चाललं होतं. जनावराचा असा अपव्यय बघवेना. बसलो. दोरजेचाही आग्रह होताच.
कॅम्पवर सर्वांत आधी पोचलो. नोंद करून ठेवतो.
मच्छिंद्र मागून आला, लाल-लाल झालेला, पण चालत. म्हणाला, साहेब, माझी पँट आता दोरीनं बांधावी लागती. त्याची मला काळजी वाटते.

३१ जुलै
सराव. बुटाला लोखंडी काटे लावून बर्फावर चालायचं. कॅम्पच्या वरच्या दगडाळ उतारावर अर्ध्यात पोचलो आणि निसर्ग पाहायला बसलो. मग आडवा होऊन पाहिला. दोरजेनं डोळे तपासले, बोटं मोजायला लावली. त्याची तीन बोटं मला चार दिसली. एक जास्तच दिसलं, कमी नाही.
संध्याकाळी तो म्हणाला, सर, कल आप नीचे आराम. मॅडम जायेगी. मॅडम बहुत स्ट्राँग.
विचार केल्यावर पटलं. कुठल्याही मोहिमेत बेस कॅम्पला एक जबाबदार माणूस लागतोच.
सारिका म्हणाली, मी न्हाई जात, तुमच्यापाशी थांबते. मी म्हणलं, जा. गौतमीचं नाव कुणीतरी घेतलं पायजे. हे म्हणून पांघरूण डोक्यावरून ओढलं. थंडीनं.

१ ऑगस्ट
उठलो तर सगळे गेलेले. दुर्बिणीतून सकाळी बर्फावर मुंग्यांसारखे ठिपके दिसले. दुसरा ठिपका सारिका, चालीवरून ओळखली. थोडी वाकून चालते. आल्यावर सांगावं लागेल.
दुपारी ढग उतरले. ठिपके दिसेनात.
कुक म्हणाला, आ जायेंगे साब. जेवलो नाही. अजून थोडा वेळ गेला. कुक पुन्हा म्हणाला, आ जायेंगे. पण यावेळी वर बघत म्हणाला.
थर्मासात चहा भरला. मिळाली ती हिची लाल शाल गुंडाळली आणि निघालो. कुक मागं तंबूत होता, त्याला सांगायचं राहिलं.
काल जिथं आडवा झालो ती जागा मागं टाकली. छाती भात्यासारखी. थांबलो नाही. का थांबलो नाही ते लिहीत नाही.
बर्फ लागला. काटे तंबूत. चार पावलं नीट पडली, पाचव्याला खाली बसलो आणि बसल्या बसल्याच बरंच लांब गेलो. एका खळग्यात थांबलो. घोटा मुरगळला. वर ढग, खाली ढग. तिच्या नावानं हाका मारल्या. किती ते आठवत नाही. अंग कापायला लागलं. एकदा वाटलं, गौतमीला कोण सांगणार, आणि काय सांगणार.
मग वरून आवाज आला. आवो! हितं काय करताय?
सारिका. मागं दोरजे, मच्छिंद्र आणि बाकीचे. सगळे धडधाकट. ढगांमुळं सावकाश उतरत होते, एवढंच.
म्हणलं, तुला न्यायला आलो.
तिनं आधी माझा घोटा चाचपला. रागानं काहीतरी बोलणार होती. मग शेजारी बर्फातच बसली. थर्मास उघडला. चहा अजून गरम होता, दोघांनी एकाच झाकणातून घेतला.
वर काय दिसलं विचारलं. म्हणाली, लई मोठं हाय सगळं. गौतमीच्या नावानं तीनदा वरडले. मग तुमच्या नावानं बी एकदा वरडले. आन् मग रडूच आलं बघा.
मी झाकणात पुन्हा चहा ओतला. तेवढ्यात मच्छिंद्रनं फोटो काढला.
अंगणवाडीतल्या पोरांना नेते तसं माझं बोट धरून तिनं मला खाली आणलं. दगड आला की म्हणायची, पाय उचला. शाब्बास. आता दुसरा.
निष्कर्ष: शोधमोहीम यशस्वी. सर्वजण सुखरूप सापडले.

१४ ऑगस्ट, शिरूर
कंपनीच्या सेफ्टी मीटिंगमध्ये आमच्या मोहिमेवर कार्यक्रम. सेफ्टी ऑफिसरनं स्वतः फोन करून सांगितलं, साळवे साहेब, तुमच्याशिवाय विषयच होऊ शकत नाही. इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ केलं. सारिकाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलेलं, म्हणून तिलाही दोन मुद्दे काढून दिले.
कँटीन भरलेलं. पडद्यावर फोटो आला. खळग्यात बसलेला मी, लाल शाल, हातात थर्मासचं झाकण. वर मथळा: असुरक्षित वर्तन, एक उदाहरण.
खाली मुद्दे. एकट्याने जाणे. साधने न वापरणे. कोणाला न कळवणे. फिटर नवनाथनं उभं राहून विचारलं, लाल शाल हेल्मेट-बुटांसारखी पीपीईमध्ये धरायची का? पुढच्या रांगेतला एकजण खुर्चीवरून पडला. हेही असुरक्षित वर्तनच.
मग सारिकाला बोलायला सांगितलं. मी दिलेला कागद तिनं उघडलाच नाही. म्हणाली, ह्यांनी केलं तसं कुनी करू नका. पन कुनी आपल्या काळजीनं असं चुकलंच, तर आधी त्याला खाली आणा, मग वरडा. मी अजून वरडायची हाय.
हसू, टाळ्या, शिट्ट्या. टाळ्या नेमक्या कुणाला हे स्पष्ट नव्हतं. मी उठून हात जोडले.
पुढच्या वर्षीची मोहीम सारिकाताईंच्या नेतृत्वाखाली, असं क्लबनं जाहीर केलं. नावं कोण कोण देतंय? सगळ्यांत आधी हात माझा. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, साळवे साहेब, आधी ट्रेनिंग पूर्ण करा. विचारलं, ट्रेनिंग देणार कोण? आख्खं कँटीन हिच्याकडं बघायला लागलं. हिनं मान डोलावली.
उद्या पहाटेपासून सुरुवात. पंधरा ऑगस्टची सुट्टी आहे हे तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, म्हनून तर जरा लांब जाऊ.
आत्ता कपाट उघडून बसलो आहे. गुडघ्याचा पट्टा सापडत नाही. तिनं लपवला असावा.