डबाबंद भोपळ्याची बाजू

बाई,

परवा कोथरूडच्या एका सभागृहात मूत्रपिंडाचे रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसमोर मी आहारतज्ज्ञ म्हणून बोलत होते, तेव्हा दुसऱ्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ हात वर न करताच उभे राहिले. मी नुकतंच सांगितलं होतं की रोज भाजी दोनदा उकळून निथळून घेणं जमत नसेल, तर शिजवून डबाबंद केलेला बिनमिठाचा कोवळा भोपळा चालेल, तो पिवळा, काकडीएवढा, ज्याला हल्ली सगळे झुकिनी म्हणतात. त्यांनी मोबाईलवर त्याचा पोषणतक्ता काढला आणि मोठ्याने वाचून दाखवला. प्रथिनं जेमतेम, जीवनसत्त्वं नावाला, उष्मांक नसल्यासारखे, बाकी सगळं पाणी. "अहो मॅडम, यात काहीच नाहीये. आपण आम्हाला पाणी चावायला सांगताय का?" सभागृह हसलं. मी म्हटलं, "तुमच्या मिसेसना सध्या जे झेपत नाही, तेच नेमकं त्यात नाहीये." ते खाली बसले. मला मात्र पुढची दहा मिनिटं तुमचाच राग येत राहिला, म्हणून हे लिहितेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं माझं संपलेलं नाही.

कारण त्या गृहस्थांचं ते वाक्य मुळात तुमचं आहे. गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला भाजी डबाबंद करून टिकवण्याचं प्रात्यक्षिक होतं आणि सगळ्या मुली मटार, गाजर असलं काहीतरी घेऊन आल्या होत्या. माझे वडील खडकीला लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये माळी होते. तिथल्या वाफ्यातला हा विलायती भोपळा साहेब लोक खाऊन उरला की विश्रांतवाडीला आमच्या घरी यायचा आणि आम्ही तो कौतुकाने खायचो. मी तोच नेला. वहीत लिहिलं, "पौष्टिक व पचायला हलका." तुम्ही माझा डबा फोडता, चकत्या ताटलीत ओतता, एक चकती चमच्याने दाबून बघता. मग वर्गाकडे वळून म्हणता, "याला भाजी म्हणत नाहीत, याला उभं राहिलेलं पाणी म्हणतात. वडील माळी आहेत ना? झाडांना घालायला सांग." दहापैकी चार गुण. वर्ग हसला तो हसला, पण मला लागलं ते वडिलांचं नाव निघालेलं. ते मी घरी सांगितलं नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा म्हटलं, बाईंना आवडली.

आणि तुमचा तो नियम! भाजी शिजवलेलं पाणी ओतून देणारी मुलगी तुम्हाला वर्गात चालायची नाही. सत्त्व पाण्यात उतरतं, तेच मोरीत टाकणार का, म्हणत तुम्ही आमच्यासमोर पालकाचं कोमट पाणी स्टीलच्या पेल्यातून गटागट प्यायचात. मी तो नियम माझ्या घरी नेला, पुढे सासरी नेला. हे मान्य करते. चांगल्या मूत्रपिंडांच्या माणसांसाठी तो नियम आजही बरोबर आहे.

पण तुमची मूत्रपिंडं चांगली राहिली नाहीत. निवृत्तीनंतर सात वर्षांनी तुम्ही आमच्या रुग्णालयात डायलिसिसला आलात आणि आहाराचा कागद घेऊन मी तुमच्या खाटेपाशी उभी राहिले. तुम्ही तो चष्म्याखालून वाचलात. "भाज्या उकळून पाणी टाकून द्या. कुणी लिहिलंय हे?" "मी, बाई." "मग मी शिकवलं ते काय होतं?" मी समजावलं. पोटॅशियम पाण्यात उतरतं, तुमच्या रक्तात ते साठतंय, एका मर्यादेपलीकडे गेलं तर हृदय थांबू शकतं. तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि पर्समध्ये ठेवलीत. विद्यार्थिनीचं ऐकायची वेळ आली, असं काही म्हणाला नाहीत. तेच मला जास्त जड गेलं.

तरी दर आठवड्याला पोटॅशियम चढलेलंच. डॉक्टर तुम्हाला विचारायचे, केळी खाता का? शहाळं घेता का? तुम्ही ताठ बसून म्हणायचात, "मी चोरून खाणारी बाई नाही." ते खरं होतं. शेवटी एका रविवारी मी तुमच्या फ्लॅटवर आले. ओट्यावर दुधीच्या फोडी चाळणीत निथळत होत्या, अगदी कागदात लिहिल्याप्रमाणे, आणि मला बरं वाटलं. मग ओल्या फडक्याखालची कणीक दिसली. फडकं उचललं तर कणकेला हिरवट झाक होती.

"बाई, कणीक कशात भिजवलीत?"

"टाकून द्या लिहिलं होतंस. प्यायले नाही मी."

"म्हणून पोळीत घातलंत?"

तुम्ही स्टुलावर बसलात. पहिल्यांदाच तुमचा आवाज खाली आला. "अगं, जमत नाही. मोरीपर्यंत नेते, पण ओतताना हात थांबतो." महिनाभर तुम्ही अत्यंत प्रामाणिकपणे, एक थेंब वाया न घालवता, स्वतःला मारत होतात.

तिथेच मी ठरवलं की ओतायचं काम तुमच्याकडे ठेवायचंच नाही. शहरात तेव्हा एक केंद्र होतं, आपण भाजी किंवा फळं घेऊन जायची, ते आपल्यासमोर शिजवून डबे भरून बंद करून द्यायचे. लोक आंब्याचा रस घेऊन यायचे आणि मी पोतंभर पिवळे भोपळे. मीठ नको म्हटल्यावर तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. सकाळी कामाला निघताना मी एक डबा फोडायची, पाणी माझ्या मोरीत ओतायची आणि निथळलेल्या चकत्या तुमच्याकडे पोचवायची. पहिल्याच दिवशी तुम्ही झाकण उघडून बघितलंत.

"ही तीच ना?"

"हो बाई, तीच."

"किती दिले होते मी तुला?"

"चार."

"जास्तच दिले." आणि मोहरीची फोडणी द्यायला उठलात.

दोन वर्षं तुम्ही ती खाल्लीत. रोज पानचट म्हणालात, रोज डबा धुऊन परत दिलात. पोटॅशियम खाली आलं ते आलंच. डायलिसिस होतं, औषधं होती, ते मी नाकारत नाही, पण ताटात ही भाजी होती, बाई, हेही तुम्ही नाकारू नका. तुम्ही आम्हाला अन्न मोजायला शिकवलंत ते त्यात काय आहे यावरून. त्यात काय नाही, यावरही माणूस जगतो, हे तुमच्या वहीत नव्हतं. ते मी लिहिलं. माळ्याच्या मुलीने लिहिलं. परवा त्या गृहस्थांच्या पत्नी जाताना माझ्याकडे आल्या आणि हा भोपळा कुठे मिळेल ते विचारून गेल्या, एवढं तुम्हाला कळवते.

पत्र कुठे टाकणार? तुमच्या दारावर आता दुसरी पाटी आहे. आणि तुम्ही असतात तरी ते लाल शाईने रंगून परत आलं असतं.

एक राहिलं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे दाखल होतात आणि मी तुमच्यासमोरच डब्यातलं पाणी वाटीत निथळत होते. तुम्ही म्हणालात, "ते पाणी दे ना. दोन घोट. आता काय बिघडणार आहे?" मी नाही म्हटलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. चार दिवसांनी गेलात, त्याचा पोटॅशियमशी काही संबंध नव्हता. मी बरोबर होते, आज मागितलंत तरी नाहीच म्हणेन. पण दोन घोटांनी काही झालं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुमचा डोळा लागल्यावर मी ती वाटी बेसिनपाशी नेली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.