आईच्या आवाजाची वाटणी

मी, मंजुषा लक्ष्मणराव भोयर, वय ६१, कॉलेजच्या संगणक विभागातून निवृत्त, राहणार आंजी (मोठी), जि. वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबाव आणायला माझा भाऊ कैलास आला होता, त्याला चहा देऊन परत पाठवले.

१. राहते घर माझ्या स्वकष्टार्जित पगारातून बांधलेले आहे. ते धाकटी बहीण छाया, राहणार कारंजा (घाडगे), हिला द्यावे. तिने परजातीत लग्न केले म्हणून आई गेली त्या दिवशी कैलासने तिला दारातच अडवले. ते दार आता तिचे.

२. घरचा सर्व्हर यूपीएससह कैलासला द्यावा. कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे परक्या कंपनीकडे नकोत म्हणून मी तो उभा केला. त्यातला प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यात चालतो. डबा केव्हाही फेकून नवा आणता येतो, कारण फायली डब्यात नसतात, बाहेरच्या फडताळात असतात. एवढे मी शेजारणीलाही समजावले होते. आईच्या तेरवीला आलेल्या कैलासने, पुण्याचा इंजिनिअर ना, न विचारता नवी आवृत्ती टाकायला घेतली आणि डब्यांसोबत फडताळही पुसले. वर मलाच म्हणाला, "ताई, तुही मशीनच भंगार आहे." आईने शेवटच्या आजारात त्याच्यासाठी बोलून ठेवलेले रेकॉर्डिंग त्यातच होते आणि त्याने ते अजून ऐकलेही नव्हते. मशीन त्याने रिकामी केली तशीच त्याला मिळावी. माफी त्याने आजवर मागितलेली नाही.

३. दर दिवाळीला तो फोनवर विचारतो, आईचा आवाज कुठेच उरला नाही का. गेल्या वर्षी रडला. मला दया आली नाही.

४. प्रत आहे. दर रविवारी मी फडताळाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेत असे. शहाण्याने एकदा विचारले असते तर दाखवली असती. ही डिस्क छायाला द्यावी. पासवर्ड तिला तोंडी सांगितला आहे.

५. कैलासला आवाज ऐकायचा असेल तर त्याने कारंज्याला छायाच्या घरी जावे, तिच्या हातचे जेवावे, मग तिला स्वतः विचारावे. मध्यस्थ, वकील, फोन चालणार नाही. प्रत करून मागू नये. तिने नाही म्हटले तर तो तिचा हक्क आहे.

६. नंतर कोणी म्हणू नये की मी लपवले, म्हणून आईचे शब्द इथे देते: "कैलास, छायाले घरी आणजो. तिले पाह्यल्याबिगर माहा जीव जात नाई."

जीव गेला, छाया दारातच होती. शब्द इथे वाचून घ्यावेत. आवाज बहिणीच्या घरी आहे.

हे वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: मंजुषा ल. भोयर
साक्षीदार: १. रूपराव देवतळे (सही) २. सरिता ढगे (सही)
स्थळ: आंजी (मोठी)
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५