झाकलेला चिमटा

आबा, तुमची पणती, म्हंजे माझी नात, परभणीला कॉलेजात शिकायलीय. कापूस येचून झाला की उभी पऱ्हाटी उपटायचा चिमटा केलाय तिनं. तुमच्याच चिमट्यावाणी, पण खाली पाय द्यायला पट्टी हाय, वाकायचं कामच न्हाई. मी लय हरखले. तिसरीतून शाळा सुटलेली तुमची सून मी, अक्षर वेडंवाकडं यील, सांभाळून घ्या.

पऱ्हाट्या उपटून माईच्या तळहातांची सालं निघायची, म्हणून तुमी चिमटा घडवलात. भात्याचा आवाज अजून येतो मला. दसऱ्याला आपल्यात हत्यारं दारात मांडायची, कुंकू लावायचं, येईल त्यानं हातात घेऊन बघायचं. तुमी चिमटा मधोमध मांडलात. सोनपेठचा एक दुकानदार आला, वितीनं मापं घेतली, माईच्या हातचा चहा पिऊन गेला. पऱ्हाट्या काढायच्या दिवसांत त्याच्या दुकानात तसलेच चिमटे टांगलेले, त्याच्या नावाचा शिक्का मारून. वर आपल्याच गल्लीतला एकजण म्हणतो, "काय मिस्त्री, तुमी बी सोनपेठची नक्कल करायलाव का?" तुमी नुसतं हसलात. पुढं कोयत्यांना धार लावून दिलीत तेवढीच, नवं काई घडवलं न्हाई. गार भट्टीपाशी बसून राहायचात. तसेच गेलात.

यंदा दसऱ्याला पोरगी म्हणाली, "आज्जे, हे मांडू नको. अर्जाआधी चारचौघांनी बघितलं की ते नवं राहत न्हाई, पेटंट मिळत न्हाई." मी म्हणलं, "मग सरकारला कशाला दाखवायलीस?" तर म्हणे, त्यांना कसं घडवायचं ते सगळं सांगायचं, आन् पेटंट मिळालं की अर्जापासून वीस वर्सं तिला विचारल्याबिगर कुणी घडवून विकायचं न्हाई. मग सगळ्यांचं. तुमचा भाग तिला मागताच आला न्हाई, आबा. तो बाजारात कधीच जुना झाला. पट्टी तेवढी तिची.

मी चिमटा जुन्या लुगड्यात बांधून कणगीमागं ठेवला. शेजारीण म्हणाली, "काय लपवायलीस गं म्हातारे, सोनं सापडलं का?" म्हणलं, "मालकाची काठी हाय, खायची का?"

काल अर्ज गेला. "आता दाखव कुणालाबी," पोरगी म्हणाली. सकाळी चिमटा दारात नेला, तुमी मांडायचात तिथंच. बायाबापड्या जमल्या. खरं सांगते आबा, गाठ सोडायला हात उचलंना. "लय घट्ट बसलीय," म्हणलं आन् तसाच आत घेऊन आले.

गाठ सैलच होती.