तुरीच्या दाण्याएवढं वेल्डिंग

मिस्त्री, तो ट्रक मागच्या आठवड्यात माझ्या दुकानी आला. चपट्या नाकाचा, सैन्याच्या लिलावातून घेतलेला, अख्ख्या जिल्ह्यात एकच असलेला तो. हिरवा रंग तीनदा बदलून आता मातकट झालाय, पण आवाज तोच. यवतमाळच्या माझ्या दुकानापुढे रस्त्यावर तो वळण घेत होता, तेव्हा मी पाठमोरा उभा राहून दुसऱ्या गाडीचा दरवाजा बघत होतो, आणि मान न वळवता मला कळलं. मागची काच फुटली होती. तुषार सिंचनाचे पाइप भरले होते, ब्रेक लागला तशी एक पाइप सरकला आणि त्याचं टोक केबिनच्या पाठीला लागलं. काच दुपदरी असल्यामुळे सांडली नव्हती, जाळं होऊन जागेवरच उभी होती. ती काच तुम्ही बसवलेली होती. माझ्यानंतरची.

ट्रकवाले आबाजी अजून आहेत. ऐंशी ओलांडली, कान गेले, पण ट्रक कुठंही निघाला की स्वतः शेजारी बसतात. ते उतरले नाहीत. खिडकीतूनच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू दोन सूत ना बे? दारव्ह्याच्या मिस्त्रीकडचा?"

मी म्हणालो, "मी तोच. पण काच दोन सूत मोठी नव्हती, आबाजी."

"चोवीस वर्सं झाली, अजून मोजूनच राह्यला का?" ड्रायव्हर हसला. मीही हसल्यासारखं केलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, स्वतःचं दुकान, वर्धेपासून लोक माझ्याकडे काच बसवायला येतात, आणि त्या पाव इंचावरून मला अजून दोन सूत म्हणणारा एक माणूस जिवंत होता.

तुम्हाला आठवत असेल, त्या ट्रकची मागची काच कुठल्याच बाजारात तयार मिळत नाही. वर कमी रुंद, खाली जास्त; खालचे दोन्ही कोपरे गोल, पण सारखे गोल नाहीत, डावा जरा अधिक. पुठ्ठ्याचा साचा काढून, दुपदरी काचेच्या मोठ्या तावातून ती हातानंच कापावी लागते. खालची बाजू बेचाळीस इंच आणि तीन सूत. हा आकडा मी आठवून लिहीत नाही. तो साचा माझ्याकडे आहे. तुमच्याकडून निघालो त्या दिवशी कपड्यांच्या पिशवीपेक्षा मी तो पुठ्ठा जास्त जपून आणला होता, एसटीत उभ्यानं, दोन्ही हातांत धरून. बायको कितीदा म्हणाली, हा पुठ्ठा टाकून द्या, उंदीर कुरतडतील. मी तो तीन घरांत भिंतीला टांगला.

लोक विचारतात, कोणाकडे शिकला? मी सांगतो, कोणाकडेच नाही. हे मी खोटं सांगत नाही. तुमच्याकडे चार वर्षं होतो, पण तुम्ही काच कापायला बसलात की पाठ करून बसायचे. मी हातोडीपासून चहापर्यंत सगळं देत राह्यलो आणि तुमच्या खांद्याच्या हालचालीवरून कापणं ओळखत गेलो. डावखुऱ्या माणसाची पाठ वाचून उजव्या हातानं काच कापायला शिकणं काय असतं, ते मला विचारा. भंगारातल्या काचा दुपारी, तुम्ही जेवून लवंडलात की, मी मागच्या पत्र्याखाली कापायचो. शंभरेक तरी वाया गेल्या असतील. तुम्ही तोंडानं म्हणून फक्त एकच गोष्ट मला शिकवली. काच बसवण्याआधी चौकटीच्या काठावरून उघडं बोट फिरवायचं, चारी बाजूंनी, सावकाश. कोणी विसरलं की तुम्ही सरळ त्याचं मनगट धरून बोट चौकटीवर टेकवायचे. पहिल्याच महिन्यात माझं धरलं होतं. "डोळा फसवते," म्हणाला होतात, "बोट नाही फसवत. पाह्यलं म्हनून सांगू नको मले, फिरवलं म्हनून सांग."

त्यानंतर एका खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, तुम्ही तुमचा जुना हिरा मला दिलात. काच कापायचा, पितळी मुठीचा. तुमच्या घरातून येऊन काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. मी तो तिथंच तावावर ओढून पाहिला तर नुसता ओरखडा उठला. तीस वर्षं डाव्या हातात चालून त्याची धार तुमच्या कलानं झिजली होती, माझ्या हातात तो बोलेना. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "हात शिकव, हिरा नाही शिकणार," म्हणालात. मी वर्षभर डाव्या हातानं कापायला शिकलो, फक्त तो हिरा चालावा म्हणून. हेसुद्धा मी एकटाच शिकलो.

आणि मग तो ट्रक. चौकटीचा खालचा काठ हादऱ्यांनी तडकला होता. तुम्ही स्वतः गॅसनं तो सांधलात, कानशीनं घासलात, रंग दिलात. काच कापायला मला सांगितलंत. पहिल्यांदाच. दुपारी आपण आत काकूंच्या चुलीपाशी जेवायला बसलोय. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत. काकू माझ्या ताटात दुसरी भाकर टाकतात आणि तुम्हाला म्हणतात, "आज याले जास्त जेवू द्या, आज हा मोठं काम करून राह्यला." तुम्ही मान खाली घालूनच म्हणता, "चौकट माझी झाली. तू बसवून टाक. मी पडतो जराक." इतका मोठा मान मला त्याआधी कोणी दिला नव्हता. भाकर संपवायचं भान राहिलं नाही. हात धुऊन मी थेट ट्रकपाशी. काचेला रबर चढवलं, रबराच्या खाचेत सुतळी फिरवली, साबणाचं पाणी मारलं, बाहेरून एकाला काच दाबून धरायला लावली आणि आतून सुतळी ओढत गेलो. रबराचा ओठ चौकटीवर असा पलटत गेला की बघत राहावं. तुम्ही उठून आलात, कोपऱ्यांवर अंगठा दाबून पाहिलात, आणि चूक काढली नाहीत. तुमच्याकडून तेवढंच पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक परत. खालून निघालेला एक तडा, तिरका, पार वरपर्यंत. आबाजींचा तेव्हा आवाज होता. अर्धी गल्ली गोळा झाली. तुम्ही चष्मा लावून वाकलात, बराच वेळ पाहिलंत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरानं दोन सूत मोठी कापली. बसवताना जोर दिला. हात कच्चा हाय त्याचा." मी साचा आणायला धावलो. ती काढलेली काच मागं पत्र्याखाली नेऊन साच्यावर ठेवली. बरोब्बर. केसाचा फरक नव्हता. तडा जिथून सुरू झाला होता, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सव्वासात इंचांवर, तिथं पुठ्ठ्यावर पेन्सिलनं फुली मारली आणि साचा घेऊन बाहेर आलो. "मिस्त्री, एकदा पाहून घ्या," म्हणालो. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून येऊ नको."

मी हिरा पुढं केला. तुम्ही घेतला नाहीत. "राहू दे तुझ्यापाशी." एवढंच. त्या वेळी मला ती दया वाटली होती, मिस्त्री. चोवीस वर्षं मी ती दयाच समजून सांभाळली. गल्लीत माझं नाव दोन सूत पडलं. चहावाला म्हणायचा, दोन सूत, चहा कमी देऊ का जास्त? दारव्ह्यात कोणी काचेला हात लावू देईना, म्हणून यवतमाळला आलो. लोक म्हणतात, बरं झालं, मोठा झालास. होय. पण एक काच का फुटली हे मला कधी कळलं नाही, आणि जी गोष्ट कळत नाही ती मला झोपू देत नाही, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता.

आता ऐका. मागच्या आठवड्यात मी तुमची ती जाळं झालेली काच रबरासकट उतरवली. पोत्यावर आडवी ठेवली. रबर सोललं. आणि खालच्या काठाला एक कोर दिसली. नखाएवढी, अर्धचंद्रासारखी, काचेतून घासून काढलेली. फुटलेली नव्हे, घासलेली. दगडावर पाणी टाकून, डावीकडून उजवीकडे, कुठं टवका नाही, दोन्ही पदर सारखे गुळगुळीत. इतकी स्वच्छ घास आपल्या भागात एकाच माणसाच्या हाताला होती. मी घरच्या भिंतीवरचा साचा काढून आणला आणि काचेवर ठेवला. तुमची कोर माझ्या पेन्सिलच्या फुलीखाली होती. नेमकी खाली.

मग चौकटीपाशी गेलो आणि सव्वासात इंचांवर बोट टेकवलं. रंगाच्या थरांखाली वेल्डिंगचा एक थेंब होता, तुरीच्या दाण्याएवढा, कानशीतून सुटलेला. त्या दाण्यावर रबर दबलं, रबरानं काच दाबली, रस्त्यात पहिला खड्डा आला आणि काच गेली. तुमचा थेंब होता तो. मला घालवून दिल्यावर दुसरी काच बसवताना तुम्ही बोट फिरवलंत, तुम्हाला तो लागला. तेव्हा तो घासून टाकता आला असता. पण बाहेर आबाजी उभे असतील. चौकटीला कानस लावली असती तर त्यांनी विचारलं असतं, मिस्त्री, हे काय करून राह्यले? म्हणून तुम्ही आत जाऊन, पाठ करून, काचेलाच कोर घेतलीत. थेंब ठेवलात, कोर घेतलीत आणि माझं नाव तसंच राहू दिलंत.

चूक सगळ्यांच्या हातून होते, मला ती लागली नाही. मला ती कोर लागली. ती घासायला तुम्हाला तासभर तरी लागला असेल. त्या तासभरात तुमच्या मनात मी आलोच असेन. त्यानंतर तुम्ही तेरा वर्षं जगलात. बाजारात दोनदा समोरासमोर आलो. एकदा तुम्ही विचारलंत, "बरं चाललं ना?" मी म्हणालो, हो. तुम्ही संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि निघून गेलात. तुम्ही गेलात तेव्हा मी दारव्ह्याला आलो होतो, सगळ्यात मागं उभा होतो. कोणी तरी म्हणालं, हा मिस्त्रीचा चेला. मी म्हणालो, मी स्वतः शिकलो. त्या वेळी मला त्याची लाज वाटली होती. आता वाटत नाही.

मी आबाजींना हात धरून खाली उतरवलं. काच दाखवली, कोर दाखवली, साचा ठेवून दाखवला. मग त्यांचं बोट धरून चौकटीवर टेकवलं, तुम्ही धरायचे तसंच. म्हातारा बराच वेळ बोट मागंपुढं करत राहिला. माझी छाती फुगली होती, हे नाकारत नाही. चोवीस वर्षं मी या घटकेची तयारी केली होती. ते म्हणाले, "म्हंजे मिस्त्रीचंच काम हे?"

"त्यांचंच."

"अन् तुझी काच बरोबर होती."

"केसाइतकीही जास्त नव्हती."

त्यांनी परत बोट फिरवलं. मग कान माझ्याकडे करून विचारलं, "मंग बसवाच्या आंधी तू हात नाही फिरवला का बे? मले म्हाताऱ्याले लागते हे. तुले नाही लागलं?"

ड्रायव्हर बघत होता. दुकानातली दोन माणसं बघत होती. मी म्हणालो, "रंग ओला होता, आबाजी. मिस्त्रीनं सांगतलं, हात लावू नको, तसंच बसव."

आबाजींनी बोट चौकटीवरून काढलं. मग म्हणाले, "असा होता का तो. मी तं त्याले देवमाणूस समजत होतो." ते दारव्ह्याच्या बाजारात हे सांगतील. त्यांच्याकडे आता सांगण्याशिवाय दुसरं काम नाही.

मी थेंब कानशीनं साफ केला. नवी काच माझ्या चाकाच्या कटरनं, उजव्या हातानं कापली. तुमचा हिरा समोरच होता, घेतला नाही. काठ पूर्ण ठेवला, कोर नाही. बसवण्याआधी चौकटीवरून बोट फिरवलं, चारी बाजूंनी, दोनदा. निघताना आबाजी खिडकीतून म्हणाले, "येतो, मिस्त्री." मला मिस्त्री म्हणाले.

काकू पुसदला लेकीकडे असतात. हे त्यांना वाचून दाखवता येईल असं एकदा वाटलं होतं, कोरीपर्यंत लिहिलं तेव्हा. पत्ताही आहे. पण पाठवणार नाही. शेवटचं एक त्यांना कळायला नको, आणि ते लिहिल्याशिवाय हे बरोबर मापाचं होत नाही. रंग वाळलेला होता, मिस्त्री. हात लावू नको असं तुम्ही म्हणाला नव्हतात. मी बोट फिरवलंच नाही. चौकट तुमच्या हातची होती.